परतलेला योद्धा आणि न ऐकली गेलेली कथा : अश्वत्थामा, युधिष्ठिर व युद्धोत्तर मानसिक आघात – एक चिकित्सक वाचन

प्रस्तावना

युद्धाची स्मृती जपण्याची प्रत्येक समाजाची स्वतंत्र रीत असते. सोलापूर जिल्ह्यातील अनेक गावांच्या वेशीजवळ, देवळांच्या आवारात आढळणारे वीरगळ हे या स्मृतीचे आपल्याकडील एक प्राचीन रूप होय. वीरगळाची रचना बहुधा ठरलेली असते. खालच्या चौकटीत लढाई असते; मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गाकडे नेत असतात; वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करीत असतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात. लढाई, मरण आणि स्वर्ग असा हा क्रम आहे. लढून घरी परतलेल्या माणसासाठी या दगडात चौकट नाही.

हीच रीत आधुनिक काळातही टिकून राहिली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने सैनिकी परंपरेच्या गावांतून स्मृतिशिला बसविल्या. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असे दोन आकडे अशा शिलांवर आढळतात. परत आलेल्यांचा आकडा मात्र वजाबाकी करून काढावा लागतो. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या बाबतीतही ही गोष्ट वेगळ्या प्रकारे प्रत्ययास येते. १९३८ साली भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यातील कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच निवर्तले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'अँड वन डिड नॉट कम बॅक' असे आहे आणि त्याच आधारावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट निर्माण केला. न परतलेल्या एकाची कथा अमर झाली. युद्धभूमीवरील जखमी माणसे पाहून परतलेल्या इतर चौघांची नावे मात्र सामान्य वाचकास सहसा सांगता येत नाहीत. यात कोटणीसांच्या थोरवीला उणेपणा येत नाही. परंतु समाजाची कथनदृष्टी कोठे स्थिरावते, हे त्यातून स्पष्ट होते.

प्रस्तुत लेखात परतलेल्या योद्ध्याच्या मनाचा साहित्यातून शोध घेतलेला आहे. परतलेल्या योद्ध्याची कथा आपल्या परंपरेत नाही, असे मानले जाते. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. महाभारताच्या युद्धोत्तर पर्वांत ही कथा विस्ताराने आलेली आहे. ती अश्वत्थामा आणि युधिष्ठिर या दोन व्यक्तिरेखांत विभागलेली असल्यामुळे एकत्र वाचली जात नाही. या दोहोंना समोरासमोर ठेवले असता असे दिसते की, युद्धाची जखम दोघांनाही झालेली आहे. एकाला ऐकणारे लाभतात, दुसऱ्याला लाभत नाहीत. हा भेद युद्धोत्तर आघाताच्या आकलनासाठी निर्णायक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

संज्ञा आणि तिच्या वापराची मर्यादा

युद्धावरून परतलेल्या सैनिकाला होणाऱ्या मानसिक त्रासाला निरनिराळ्या काळांत निरनिराळी नावे मिळाली. पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' हा शब्द रूढ झाला. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने तो वैद्यकीय लेखनात आणला. व्हर्जिनिया वूल्फ यांच्या 'मिसेस डॅलोवे' या १९२५ च्या कादंबरीतील सेप्टिमस वॉरन स्मिथ हे या आघाताचे इंग्रजी साहित्यातील ठळक चित्र होय. व्हिएतनाम युद्धानंतर अमेरिकेतील माजी सैनिकांनी व त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनी केलेल्या प्रयत्नांमुळे १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' म्हणजेच आघातोत्तर ताणविकार या संज्ञेला अधिकृत स्थान दिले. घडून गेलेला प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, झोप न लागणे, सतत सावध व चिडखोर राहणे, जवळच्या माणसांपासून तुटल्यासारखे वाटणे ही त्याची प्रमुख लक्षणे सांगितली जातात.

ही संज्ञा प्राचीन महाकाव्याला लावताना सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. महाकाव्यातील पात्र हे रुग्ण नव्हे आणि समीक्षकाचे कार्य निदान करण्याचे नव्हे. मात्र साहित्य आणि मानसोपचार यांचा या बाबतीतील संवाद फलदायी ठरला आहे. अमेरिकेतील बोस्टन येथे व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी 'अकिलीस इन व्हिएतनाम' या १९९४ च्या ग्रंथात होमरचे 'इलियड' आणि सैनिकांचे अनुभव शेजारी ठेवून वाचले. वरिष्ठांकडून न्याय्य गोष्टीचा भंग होणे आणि अत्यंत जवळच्या माणसाचा मृत्यू होणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की योद्ध्याचे चारित्र्य मुळापासून ढासळते व तो भान हरपून संहार करू लागतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. अशा माणसाला सावरायचे तर त्याची कथा विश्वासाने ऐकून घेणारा समूह आवश्यक असतो, असेही ते सांगतात. पुढील विवेचनात हे प्रतिपादन महाभारताच्या कसोटीवर तपासून पाहिले आहे. त्यासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सक आवृत्ती आधारभूत मानली आहे.

अश्वत्थामा : झोप हरवलेली रात्र

शे यांनी सांगितलेली दोन्ही कारणे अश्वत्थाम्याच्या बाबतीत एकाच प्रसंगात एकवटलेली आहेत. द्रोणाचार्य हे त्याचे पिता. त्यांचा वध शस्त्राच्या बळावर झाला नाही. तो एका वाक्याच्या बळावर झाला. पुत्र मारला गेल्याची वार्ता खरी आहे का, हे द्रोणांनी युधिष्ठिराला विचारले, कारण तो असत्य बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती. युधिष्ठिराने अश्वत्थामा मेल्याचे स्पष्ट सांगितले व हत्तीचा उल्लेख अस्पष्ट केला. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले आणि धृष्टद्युम्नाने त्यांचे मस्तक छेदले. म्हणजे अश्वत्थाम्याने केवळ पिता गमावला नाही. ज्याच्या सत्यावर शत्रूही विसंबत असे, त्याच्याविषयीचा विश्वासही गमावला. पुढे दुर्योधनाच्या मांडीवर झालेला नियमबाह्य गदाप्रहार ही याच विश्वासभंगाची दुसरी पायरी होय.

सौप्तिकपर्वाचा आरंभ या दृष्टीने लक्षणीय आहे. अठराव्या दिवसाच्या रात्री कृप, कृतवर्मा आणि अश्वत्थामा हे तिघे अरण्यातील वटवृक्षाखाली थांबतात. दोघांना झोप लागते. अश्वत्थाम्याला लागत नाही. त्याच वृक्षावर झोपलेल्या कावळ्यांचा एक घुबड संहार करते, हे तो जागेपणी पाहतो. रात्री विश्रांती घेऊन सकाळी लढावे, असा सल्ला कृप त्याला देतो. त्यावर शोकाने व क्रोधाने पेटलेल्या माणसाला झोप कोठून येणार, पित्याच्या वधाची आठवण आपले हृदय रात्रंदिवस जाळीत आहे, अशा आशयाचे उत्तर तो देतो. निद्रानाश, न शमणारी स्मृती आणि सतत जागे असलेले शरीर या तीन गोष्टी व्यासांनी एका रात्रीच्या चित्रात बसविल्या आहेत. तिघेही एकाच युद्धातून वाचलेले आहेत, तरी तिघांची रात्र एकसारखी नाही, हे सूक्ष्म निरीक्षणही येथे आहे. युद्धाचा आघात सर्वांवर सारखा होत नाही, ही गोष्ट कवीला ज्ञात होती.

त्यानंतर शिबिराच्या दाराशी अश्वत्थाम्याच्या देहात रुद्र प्रवेश करतो. धार्मिक दृष्टीने हा वरप्रसंग आहे. मनाच्या दृष्टीने पाहिले तर आता तो स्वतःच्या ताब्यात उरलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. धृष्टद्युम्न शस्त्राने मरण मागतो तेही तो नाकारतो आणि त्याला लाथांनी ठार करतो. झोपलेले पांचाल आणि द्रौपदीचे पाचही पुत्र मारले जातात. पुढे तो ब्रह्मशिर अस्त्र सोडतो. अर्जुनाला आपले अस्त्र मागे घेता येते, अश्वत्थाम्याला येत नाही. युद्धात शिकलेली हिंसा सोडता येते पण आवरता येत नाही, या अवस्थेचे याहून नेमके रूपक सापडणे कठीण आहे. युद्ध संपलेले असते. त्याच्या शरीराला मात्र ते कळलेले नसते.

व्यासांनी या कृत्याला क्षमा केलेली नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. आघाताचे आकलन आणि अपराधाचे समर्थन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाभारतात अश्वत्थाम्याच्या दुःखाला पुरेशी जागा दिली आहे आणि त्याच्या अपराधाला शिक्षाही दिली आहे. त्या शिक्षेचे स्वरूप मात्र बारकाईने वाचण्यासारखे आहे. श्रीकृष्णाच्या शापानुसार त्याने तीन हजार वर्षे निर्जन प्रदेशांतून एकट्याने भटकायचे आहे, त्याच्या अंगाला पू आणि रक्ताचा वास येत राहील आणि कोणाशीही त्याचा संवाद होणार नाही. शापाचा खरा गाभा या शेवटच्या भागात आहे. जखम असणे ही अर्धीच शिक्षा आहे. ती कोणाला सांगता न येणे ही उरलेली अर्धी शिक्षा होय. वाढदिवशी सात चिरंजीवांचे स्मरण करताना पहिले नाव अश्वत्थाम्याचे घेतले जाते. दीर्घायुष्याच्या आशीर्वादाची सुरुवात ज्याला मरण नाकारले गेले अशा योद्ध्याच्या नावाने होते, ही विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

युधिष्ठिर : पराजयासारखा विजय

ज्या वाक्याने अश्वत्थामा उद्ध्वस्त झाला, त्याच वाक्याने ते उच्चारणाराही उद्ध्वस्त झाला. शांतिपर्वाच्या आरंभी मृतांना तिलांजली देऊन युधिष्ठिर गंगेच्या काठी राहिला आहे. ऋषी त्याचे अभिनंदन करण्यासाठी येतात. हा विजय आपल्याला पराजयासारखा भासतो, असे तो सांगतो. कर्ण हा आपला थोरला भाऊ होता हे त्याला युद्धानंतर समजलेले आहे. राज्य सोडून अरण्यात जाण्याचा विचार तो बोलून दाखवितो. पुढे तो एकेका मृत्यूची नावानिशी मोजदाद करतो. भीष्मांना पाडले ते आठवते. गुरूला फसविले ते आठवते आणि त्या अर्धसत्याने आपली गात्रे जळत असल्याचे तो सांगतो. बाल अभिमन्यूला चक्रव्यूहात पाठविल्यापासून अर्जुनाच्या व कृष्णाच्या डोळ्याला डोळा देता येत नाही, अशी कबुलीही तो देतो. अन्नत्याग करून देह ठेवण्याचा निर्धार तो जाहीर करतो.

हे चित्र जिंकलेल्या राजाचे आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पराभूताला दुःख होते हे सर्वांना पटते. विजेत्यालाही ते होते हे समाजाला पटत नाही. युधिष्ठिराच्या कुटुंबालाही ते प्रथम पटलेले नाही. भीम त्याची टर उडवितो. अर्जुन राजधर्माचा युक्तिवाद करतो. द्रौपदीचे भाषण सर्वांत धीट आहे. थोरला भाऊच उन्मत्त झाला की बाकीचे त्याच्यामागे जातात, असे ती सुनावते आणि जो भलत्या मार्गाने निघाला आहे त्याच्यावर धूप, अंजन, नस्य यांसारखे औषधोपचार केले पाहिजेत, असे सुचविते. या बोलण्यात उपरोध आहे, चीड आहे. तरीही युद्धावरून परतलेल्या माणसाच्या मनाला उपचारांची गरज असू शकते, हा विचार एका स्त्रीच्या तोंडून येथे स्पष्ट शब्दांत आलेला आहे. द्रौपदीने स्वतः या युद्धात पाचही पुत्र गमावले आहेत. परतलेल्या योद्ध्याचे ओझे घरातील स्त्रीला कसे उचलावे लागते, याचाही हा प्राचीन दाखला म्हणावा लागेल.

या सर्व संवादांचा एकत्रित परिणाम विचारात घेतला पाहिजे. भाऊ वाद घालतात, पत्नी रागावते, व्यास पुनःपुन्हा समजावतात, कृष्ण मृतांच्या कथा सांगतो आणि शेवटी शरशय्येवरील भीष्म त्याचे प्रश्न ऐकून त्यांना उत्तरे देतात. महाभारतातील सर्वांत विस्तृत पर्व अशा रीतीने एका खचलेल्या योद्ध्याच्या प्रश्नांतून उभे राहिले आहे. शांतिपर्व हा राजधर्म, आपद्धर्म व मोक्षधर्म यांचा कोश म्हणून अभ्यासला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची कथात्मक चौकट एका ऐकून घेण्याची आहे, याकडे दुर्लक्ष होता कामा नये. ज्यांना आपण पाडले त्याच भीष्मांकडून धीर मिळावा, ही रचनाही अर्थपूर्ण आहे. अपराधाची भावना उपदेशाने विरत नाही. ज्याचा अपराध घडला त्याने आपल्याशी बोलणे नाकारले नाही, या अनुभवाने ती काही अंशी हलकी होते.

तथापि व्यासांनी संपूर्ण बरे झाल्याचे खोटे समाधान दिलेले नाही. भीष्मांच्या निधनानंतर आश्वमेधिकपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर पुन्हा गंगेच्या काठी कोसळतो. तेव्हा कृष्ण त्याला सांगतो की, भीष्म-द्रोणांशी झालेले युद्ध संपले. आता मनाशी एकट्याने करावयाचे युद्ध समोर आहे आणि त्यात बाण, सेवक किंवा आप्त उपयोगी पडणार नाहीत. आघाताची ही पुनरावृत्ती आजच्या मानसशास्त्रालाही परिचित आहे. एकदा सावरलेला माणूस नव्या शोकाने पुन्हा खचतो. त्यामुळे ऐकण्याचे काम एकदा करून संपत नाही. हे ऐकणेही सर्वांच्या वाट्याला येत नाही. युधिष्ठिर राजा होता. त्याचा शोक ही राज्याची अडचण होती, म्हणून अवघे ज्ञानी त्याच्याभोवती गोळा झाले. अठरा अक्षौहिणींतून वाचलेल्या एखाद्या नामहीन पायदळ सैनिकासाठी शांतिपर्व लिहिले गेले नाही, ही महाकाव्याची मर्यादा मान्य करावी लागते.

'अंधा युग' : ऐकणारे नाहीसे झाल्यावर

ही मर्यादा आधुनिक काळात धर्मवीर भारती यांनी हेरली. त्यांचे 'अंधा युग' हे हिंदी काव्यनाटक १९५४ साली प्रसिद्ध झाले आणि सत्यदेव दुबे यांनी ते मुंबईत रंगभूमीवर आणल्यामुळे मराठी नाट्यव्यवहारालाही ते परिचित झाले. या नाटकातील अश्वत्थाम्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परतलेल्या योद्ध्याच्या दृष्टीने मात्र युयुत्सू ही व्यक्तिरेखा अधिक विचारात घेण्याजोगी आहे. धृतराष्ट्राचा हा पुत्र पांडवांच्या बाजूने लढला. मूळ महाभारतात युद्धानंतर त्याला सन्मान मिळतो आणि पांडव महाप्रस्थानाला निघताना राज्याची काळजी त्याच्यावर सोपवितात. भारतींनी हा शेवट बदलला. त्यांचा युयुत्सू घरी परततो तेव्हा गांधारी त्याचे स्वागत टोमण्यांनी करते. प्रजा त्याचा तिरस्कार करते. एका मुक्या, जखमी सैनिकाला तो पाणी द्यायला जातो, तर तो सैनिक भयाने मागे सरकतो, कारण त्याचे पाय युयुत्सूच्याच अग्निबाणांनी जळलेले असतात. अखेरीस युयुत्सू आत्मघात करतो.

हा बदल नाट्यपरिणामासाठी केलेला नाही. फाळणी आणि दुसरे महायुद्ध पाहिलेल्या पिढीच्या लेखकाला परतणाऱ्याचे स्वागत करणारे घर विश्वसनीय वाटले नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो. येथे ज्याच्याकडे सांगण्यासारखे आहे तो सैनिक मुका आहे आणि ज्याला बोलता येते त्या युयुत्सूचे कोणी ऐकत नाही. शांतिपर्वाची सगळी रचनाच भारतींनी अशा प्रकारे उलटी केली आहे. मुल्कराज आनंद यांच्या 'द सोर्ड अँड द सिकल' या १९४२ च्या इंग्रजी कादंबरीतही पहिल्या महायुद्धातून परतलेल्या लालूला जुने घर सापडत नाही. मात्र तेथे त्याची अस्वस्थता लवकरच शेतकरी चळवळीकडे वळते आणि मनाचा प्रश्न राजकारणाच्या प्रश्नात विलीन होतो.

'प्रहार' आणि शौर्यकथेची चौकट

मराठी कलावंताच्या हातून या विषयाला जवळून स्पर्श करणारी कृती म्हणून नाना पाटेकर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'प्रहार' या १९९१ च्या हिंदी चित्रपटाचा उल्लेख करावा लागेल. कमांडो प्रशिक्षण घेतलेला पीटर डिसूझा एका मोहिमेत अपंग होऊन मुंबईतील आपल्या घरी परततो आणि खंडणीखोर गुंडांकडून मारला जातो. त्याला घडविणारा मेजर चव्हाण लग्नाच्या निमंत्रणावरून येतो, तेव्हा त्याला ही वार्ता कळते. शेजारी सर्व पाहूनही गप्प आहेत. चव्हाण गुंडांना ठार करतो आणि न्यायालय त्याला मनोरुग्ण ठरवून मनोरुग्णालयात पाठविते.

हा कथाबंध सौप्तिकपर्वाच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. येथेही जवळच्या माणसाचा अन्यायाने मृत्यू आहे, ज्यांच्यासाठी लढलो त्यांचे मौन हा विश्वासभंग आहे, आणि त्यानंतरचा संहार आहे. फरक कवीच्या भूमिकेत आहे. व्यास अश्वत्थाम्याची वेदना दाखवितात पण त्याचा रात्रीचा हल्ला न्याय्य ठरवीत नाहीत. चित्रपटात प्रेक्षकांची सहानुभूती संहाराच्या बाजूने उभी केली जाते आणि मनोरुग्णालय हे समाजाच्या भ्याडपणाचे प्रतीक बनते. त्यामुळे चव्हाणच्या मनात खरोखरच काही मोडले आहे का, हा प्रश्न विचारण्याआधीच निकालात निघतो. पीटरच्या बाबतीत तर ही उणीव अधिक जाणवते. पाय गमावून परतलेल्या तरुणाच्या मनात काय चालले होते, हे सांगण्याची संधी कथेने त्याच्या मृत्यूबरोबर गमावली आहे. परतलेला पुन्हा न परतलेल्यांच्या रांगेत जाऊन बसतो. वीरगळाची चौकट येथेही मोडलेली नाही.

याचा अर्थ महाराष्ट्रात परतलेल्या सैनिकाची कथा सांगितलीच गेली नाही असा नव्हे. सांगली जिल्ह्यातील पेठ येथील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत पोहण्याच्या ५० मीटर शर्यतीत त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली आणि २०२४ मध्ये त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून अपंग सैनिकांचे पुनर्वसन केंद्र कार्यरत आहे. शरीराच्या जखमेविषयी समाजाकडे भाषा आहे, संस्था आहे, पदकही आहे. ज्याची जखम दिसत नाही आणि ज्याच्या वाट्याला पदक नाही, अशा सैनिकाची कथा सांगण्यासाठी मात्र पोवाडा, गौरवग्रंथ आणि चरित्रपट ही रूपे अपुरी पडतात. ही रूपे वाईट आहेत असे नव्हे. त्यांची घडणच शेवटी विजयाकडे किंवा हौतात्म्याकडे नेणारी आहे. जी व्यथा कोठेच पोहोचत नाही, तिला त्यांत जागा मिळत नाही.

लोकमानसातील अश्वत्थामा

या पार्श्वभूमीवर लोकपरंपरेने अश्वत्थाम्याचे काय केले, हे पाहणे उद्बोधक ठरते. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या रांगेत अस्तंबा नावाचे शिखर आहे. ते अश्वत्थाम्याचे स्थान मानले जाते आणि दिवाळीच्या सुमारास तेथे यात्रा भरते. सातपुड्यातील आदिवासी बांधव मोठ्या संख्येने रात्रीची अवघड चढण चढून दर्शनाला जातात. महाकाव्याने ज्याला निर्जन प्रदेशात हाकलले, त्याच्या भेटीला लोक स्वतः डोंगर चढून जातात. वर्षातील सर्वांत मोठ्या सणाच्या दिवसांत हे घडते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात व नर्मदाकाठी प्रचलित असलेली दुसरी समजूत याहून बोलकी आहे. अश्वत्थामा कपाळावरील जखमेसाठी तेल मागत फिरतो, असे सांगितले जाते. मूळ शापात तेलाचा उल्लेख नाही आणि कोणाशी बोलण्याची मुभाही नाही. लोकमानसाने शाप मान्य केला, जखम मान्य केली, तिचे न भरणेही मान्य केले. न बोलण्याची अट मात्र मान्य केली नाही. त्याने अश्वत्थाम्याच्या तोंडी एक मागणी घातली आणि ऐकणाऱ्याच्या हाती एक कृती दिली. तेलाने जखम बरी होणार नाही, हे देणाऱ्याला ठाऊक आहे. तरीही दारात आलेल्याला थोडे तेल द्यावे, एवढी माणुसकी ही समजूत गृहीत धरते. येथे अपराध पुसला जात नाही आणि शौर्याचा गौरवही होत नाही. लढून आलेल्या जखमी माणसाला काहीतरी हवे आहे व ते देण्याजोगे आहे, एवढेच मानले जाते. शास्त्रीय परंपरेने दोन पात्रांत विभागलेली जखम आणि ऐकणे या दोन गोष्टी लोकपरंपरेने अशा रीतीने पुन्हा एकत्र आणल्या, असे म्हणता येईल.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट अशी की, परतलेल्या योद्ध्याच्या मानसिक आघाताची जाणीव भारतीय परंपरेला पाश्चात्त्य मानसशास्त्राकडून प्रथमच झाली, असे नाही. निद्रानाश, अपराधाची टोचणी, विजयाविषयीचा वीट, पुन्हा कोसळणे या साऱ्यांचे चित्रण सौप्तिक, शांति व आश्वमेधिक या पर्वांत आहे. दुसरी गोष्ट अशी की, महाभारतातील भेद शूर आणि भित्रा किंवा सबळ आणि दुर्बळ असा नाही. ज्याचे ऐकले गेले आणि ज्याचे ऐकले गेले नाही, असा आहे. तिसरी गोष्ट, आधुनिक कलाकृतींपैकी 'अंधा युग' या प्रश्नाला थेट भिडते, तर 'प्रहार' त्याच्या जवळ जाऊन शौर्यकथेच्या ओढीने मागे फिरतो.

अभ्यासक आणि अध्यापक यांच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक जबाबदारीही निर्माण होते. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वर्गांत सैनिकांची आणि माजी सैनिकांची मुले-मुली शिकत असतात. घरी आलेले वडील अचानक का चिडतात, रात्री का जागतात, फटाक्यांच्या आवाजाने का दचकतात, याला त्यांच्याजवळ बहुधा एकच शब्द असतो : स्वभाव. शांतिपर्व केवळ राजधर्माचा ग्रंथ म्हणून शिकविण्याऐवजी युद्धावरून परतलेल्या माणसाशी घरच्यांनी केलेला प्रदीर्घ संवाद म्हणूनही शिकविले गेले, तर त्या विद्यार्थ्याला दुसरा शब्द मिळू शकेल. मराठी, इतिहास व मानसशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन माजी सैनिकांच्या मौखिक कथनांचे संकलन हाती घेणे शक्य आहे. मात्र असे संकलन करताना पराक्रमाचे प्रसंगच विचारण्याचा मोह टाळावा लागेल, सांगणाऱ्याच्या मौनाचाही मान राखावा लागेल आणि जेथे त्रास तीव्र असेल तेथे वैद्यकीय साहाय्याची वाट दाखवावी लागेल. द्रौपदीने रागाच्या भरात का होईना, ती वाट दाखवून ठेवली आहे.

वीरगळावर नवी चौकट कोरता येणार नाही. साहित्याला आणि समीक्षेला मात्र ती कोरता येईल. त्या चौकटीत लढाई नसेल, अप्सरा नसतील आणि स्वर्गही नसेल. एक माणूस घराच्या ओसरीवर बसला आहे आणि दुसरा त्याच्यासमोर बसून ऐकत आहे, एवढेच तिच्यात पुरेसे ठरेल.